मोडलारॉईटचा ओढा

"अरे बूट भिजतील," बायको ओरडेपर्यंत मी पलीकडे पोचलो पण होतो. एक टांग टाकली की संपला, एवढासा ओढा. टानबाख नाव त्याचं. अलीकडे बव्हेरिया, म्हणजे तेव्हाचा पश्चिम जर्मनी, पलीकडे थुरिंगिया, म्हणजे तेव्हाचा कम्युनिस्ट पूर्व जर्मनी, आणि मधोमध मोडलारॉईट, जेमतेम पन्नासेक माणसांचं गाव, चार घरं, एक तळं, गुरांचा वास, बास.

आणि ह्या एवढ्याशा गावातून १९६६ मध्ये ७०० मीटर लांब काँक्रीटची भिंत घातली होती! बर्लिनसारखंच भिंतीनं दुभागलेलं, म्हणून अमेरिकन सैनिक ह्याला लिटल बर्लिन म्हणायचे. भिंतीचा एक तुकडा ठेवलाय अजून, पांढरा, वर गोल पाईप, हात टेकवला तर पकडच मिळत नाही, त्यासाठीच तो पाईप.

पण डोक्यात राहिलं ते तिथल्या एका आजोबांचं बोलणं. म्हणाले, पूर्वेकडच्यांना पलीकडे नुसता हात हलवायलाही बंदी होती. पश्चिमेकडचे हात करायचे, आणि पूर्वेकडचे मान खाली घालून आपलं काम करत राहायचे. आवाज ऐकू येईल एवढं अंतर हो!

९ डिसेंबर १९८९ ला भिंतीतून वाट काढली, बर्लिनची भिंत उघडल्यानंतर बरोबर एक महिन्यानी. आजही गावाला दोन पिनकोड आहेत, आणि नमस्कार करताना एका बाजूला ग्रूस गॉट म्हणतात, दुसऱ्या बाजूला गूटन टाग.

येताना गाडीत तेच चाललं होतं डोक्यात. तेवीस वर्षं दिसत असून न दिसल्यासारखं केलेल्या शेजाऱ्याला पहिल्या दिवशी काय म्हणाले असतील हे लोक?