तीस जीबी बोलणं

फोन सारखा रीस्टार्ट होतोय म्हटलं की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल." लासलगावातल्या एका कांदा व्यापाऱ्यांना हे उत्तर आधीच दोन ठिकाणी मिळालं होतं. माझ्याकडे आले तेव्हा फोन त्यांनी हातातून सोडलाच नाही.

"रात्री झोपताना अपडेटचं बटण दाबलं. सकाळी हे असं."

लोगो यायचा, पिन मागायचा, पिन टाकला की थोडा वेळ स्क्रीन दिसायची आणि पुन्हा लोगो.

"शेठ, यात जाऊ नये असं काय आहे?" मला वाटलं, नातवंडांचे फोटो म्हणतील.

"कॉल. सगळे कॉल रेकॉर्ड केलेत."

फोनवर ठरलेल्या भावाला लेखी पुरावा नसतो. 7 डिसेंबर 2023 च्या रात्री केंद्राची कांदा निर्यातबंदी आली, दुसऱ्या दिवशी इथले लिलाव बंद पडले आणि भाव कोसळला. आदल्या दिवशी "पक्कं" म्हणणारे "असं कधी बोललोच नाही" म्हणू लागले. आता फेब्रुवारी उजाडला होता आणि शेठचा दोन पार्ट्यांशी हिशोब अजून मिटला नव्हता. त्यांच्या बाजूचं जे काही होतं ते या 64 जीबीच्या फोनात.

फॉरमॅट केलं असतं तर ते कायमचं गेलं असतं. अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेलाच, म्हणजे कुलूपबंद असतो आणि फॉरमॅटबरोबर त्याची किल्लीही पुसली जाते. मग चिप काढून कुठल्याही मशीनला लावा, हाती काही लागत नाही. दोन्ही दुकानांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला राग आला.

बिघाड काय असेल याचा अंदाज पिनवरूनच आला. पिनपर्यंत फोन नीट चालतो, म्हणजे सिस्टिम शाबूत आहे. पिन टाकल्यावर डेटा उघडतो, सगळी ॲप एकदम उठतात, प्रत्येकाला काहीतरी लिहायचं असतं आणि लिहायला जागाच नसते. अपडेटची फाइल दोन-अडीच जीबीची. ती उतरली तीच उरलीसुरली जागा खाऊन. अँड्रॉइड 11 नंतरच्या बऱ्याच फोनमध्ये नवी सिस्टिम जुनीला हात न लावता शेजारी रचली जाते आणि त्यासाठी तुमच्याच स्टोरेजमधली जागा घेतली जाते. जागा नाही म्हटल्यावर अपडेट अर्धवट पडलं, पण जुनी सिस्टिम जशीच्या तशी राहिली.

सेफ मोडमध्ये फोन सुरू केला. त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. फोन उभा राहिला आणि उभाच राहिला. शेठ स्टुलावरून उठून काउंटरवर वाकले.

"आमच्या पुतण्यानं तर सगळे फोटो उडवले होते. तरी जागा कशी भरली?"

फोटो उडवले होते, पण ते गॅलरीच्या ट्रॅशमध्ये जाऊन बसले होते. तिथे ते 30 दिवस राहतात आणि जागाही अडवतात. शेठना विचारून ट्रॅश रिकामा केला आणि फोनला श्वास घ्यायला तीनेक जीबी मिळाले.

मग रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. मिनिटाला अर्धा एमबी धरा. रोज दोन तास बोलणं म्हणजे 60 एमबी, महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. दीड वर्षात 30 जीबीच्या वर! गॅलरीत यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे घरातली पोरं फोटोच उडवत बसतात.

केबल लावून कॉम्प्युटरवर घ्यायला गेलो तर हजारो फाइलींची यादी काढतानाच विंडोज लटकलं. शेवटी ओटीजीला, म्हणजे फोनला थेट डिस्क जोडायच्या छोट्या केबलला, हार्डडिस्क लावून एकेक महिना कॉपी केला. कट-पेस्ट मी करत नाही. मध्ये केबल हलली तर फाइल ना इकडे ना तिकडे. प्रत्येक महिन्याची फाइलसंख्या आणि साइज जुळवली. डिसेंबरच्या फोल्डरमधली एक फाइल चालते का म्हणून वाजवली. "पक्कं ना शेठ?" "पक्कं." पुढे शेठनी हातानंच थांबवायची खूण केली. पलीकडच्या माणसाला आपला आवाज साठवला जातोय हे ठाऊक होतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला. काही फोन तशी सूचना देतात, या फोनमध्ये ती नव्हती. पण मी विचारलं नाही.

दुसरी प्रत त्यांच्या मुनिमाच्या कॉम्प्युटरवर पोचल्याचा फोन आल्याशिवाय शेठनी फोनमधलं काही पुसू दिलं नाही. बरोबरच होतं ते. मग फोल्डर रिकामा केला, फोन नेहमीसारखा सुरू केला, वायफाय आणि चार्जर लावून अपडेट पुन्हा मागवलं. आमचा चहा होईपर्यंत झालं.

रेकॉर्डिंग बंद करायला ते तयार होईनात. तेव्हा सेटिंगमध्ये "निवडक नंबर" हा पर्याय दाखवला. म्हटलं, ज्यांच्याशी सौदे होतात तेवढेच सांगा. शेठनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि पहिला नंबर सांगितला तो मेव्हण्याचा.