आप्पांचं घर रिकामं केलं, गॅस तेवढा अडकला

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर या मे महिन्यात रिकामं केलं. आई आता माझ्याकडे टिळकवाडीत राहणार, घर घेणाऱ्यांना महिनाअखेरीस किल्ली द्यायची, पोरांना सुट्टी आणि दादा-वहिनी पुण्याहून आलेले. तेव्हा आठवडाभरात आवराआवर करायची आणि रविवारी अंगणात सामान मांडून विकायचं असा बेत झाला. भाचा त्याला गॅरेज सेल म्हणत होता. आत्तीचं म्हणणं एवढंच, "घरातलं भांडंकुंडं रस्त्यावर मांडायचं काय गं? लोक काय म्हणतील?" लोक आले, म्हणाले काहीच नाही, भाव तेवढा निम्म्यानं पाडून मागितला.

विक्रीचं सांगते, पण आधी गॅसचं. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमचं कनेक्शन आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर, तेही फार जुनं, दोन सिलिंडरचं. माझ्याकडे गॅस आहेच, त्यामुळे हे परत करायचं. सिलिंडर आपल्या मालकीचा नसतो, कंपनीचा असतो. आपण भरलेली असते ती अनामत. म्हणून तो शेगडीबरोबर विकता येत नाही. वितरकाकडे रेग्युलेटरसकट जमा करायचा, त्यांनी कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर द्यायचं आणि अनामत परत करायची, एवढंच काम. फक्त आप्पा आता नाहीत. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात गेले. आमच्या भागातली माणसं मोठं दुखणं आलं की मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात, त्यात विशेष काही नाही. ते गेल्यावरही सिलिंडर येतच राहिला. बुकिंग त्यांच्या मोबाईलवरून व्हायचं, डिलिव्हरीचा कोड त्यावरच यायचा, आई तो सिलिंडरवाल्याला वाचून दाखवायची. कुणी काही विचारलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं गॅस जळायला चालतो, परत करायला मात्र जिवंत माणूस लागतो.

आठवड्याच्या सुरुवातीलाच वितरकाकडे गेले. खिडकीवरच्या पोरानं यादी सांगितली: मृत्यूचा दाखला, आईचं आधार, बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, अनामतीचा मूळ कागद आणि आम्हा भावंडांची हरकत नसल्याचं पत्र. आधी कनेक्शन आईच्या नावावर, मग बंद. ठीक आहे म्हटलं. अनामतीचा कागद सापडणार नाही असं वाटलेलं, पण आप्पांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात लाईट बिलांच्या खाली ठेवला होता. हातानं लिहिलेला, घड्यांवर विरलेला, शाई तपकिरी झालेली. सगळं घेऊन गेले. पोरानं दाखला हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली, परत पुढची.

"हे महाराष्ट्रातलं आहे की ओ."

"होय. मिरजेत वारले ते."

"इथलं आणा मॅडम. कनेक्शन बेळगावचं आहे."

माणूस मिरजेत गेला तर बेळगावचा दाखला कुठून आणायचा? मृत्यू जिथं होतो तिथंच त्याची नोंद होते, राहायला तुम्ही कुठंही असा. मी हे मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये सांगितलं. पोरगा दोन्ही भाषा माझ्याइतक्याच बोलत होता, त्यामुळे सीमाभागात नेहमी निघतं ते भाषेचं भांडण इथं नव्हतंच. त्याला कुणीतरी कधीतरी 'लोकल दाखला घे' म्हणून सांगितलेलं, आणि लोकल म्हणजे काय ते त्यानं स्वतःच ठरवलेलं. मागं रांग. रांगेतला एक काका म्हणाला, "जावा की महापालिकेत, लगेच देतात." काकांना काय जातंय.

गेले महापालिकेत. तिथल्या बाईंनी कागद बघून शांतपणे सांगितलं, "मिरजेत वारले तर नोंद मिरजेलाच. इथं नोंदच नाही तर दाखला कसला देणार?" मी म्हटलं, हेच मला लिहून द्या. त्या म्हणाल्या, असं लिहून द्यायची पद्धत नाही. खरं तर नोंद नसल्याचाही दाखला (नमुना 10) असतो.

इकडं घरात रोज नवा ढीग निघत होता. मी खिडकीसमोर उभी असताना दादाचा फोन, "बंबाला मोडवाला किती सांगतोय ऐक." तांब्याचा बंब, आतली राख नीट झाडलेली नाही, खाली लोखंडी पाय, लोखंडी जाळी. मोडवाला सगळं धरून वजन करणार आणि मग 'लोखंड वजा' म्हणून मनाला येईल तेवढं कापणार. म्हटलं, पाय नि जाळी काढ आधी, राख झाड, मग काट्यावर चढव. हे तुम्हीही करा. तांबं, पितळ, काशाची ताटं वेगवेगळी काढून घरच्या काट्यावर वजनं करून कागदावर लिहून ठेवा, आणि एकाच मोडवाल्याला बोलावू नका. पहिला वाट्टेल तो भाव सांगतो. दुसरा आला की पहिल्याला आठवण होते.

परत वितरकाकडे. आता त्यानं नवीन काढलं, "बरं, मग कन्नड भाषांतर करून नोटरी करून आणा." दाखल्यावर मराठीच्या शेजारी सगळं इंग्रजीतही छापलेलं असतं. नाव, तारीख, ठिकाण, सगळं. त्याच्या समोरचा कॉम्प्युटर इंग्रजीत चालतो, त्यानं मला भरायला दिलेला फॉर्म इंग्रजीत. मग कन्नड कुणासाठी? "फाईलला लागतंय." मी तिथंच आवाज चढवला, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. मालक जेवायला गेलेत म्हणून कळलं. मालक जेवायला गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत.

नोटरीला दिले असते पैसे तर झालं असतं, असं वहिनी म्हणाली. चन्नम्मा सर्कलजवळ कोर्टाबाहेर भाषांतर, टायपिंग, शिक्का सगळं एकाच टेबलावर होतं. पण मी हटून बसले. आज भाषांतर दिलं तर उद्या आणखी काही निघणार, हे मला त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुटका परत त्याच बिस्किटाच्या डब्यात मिळाली. डबा विकायच्या ढिगात टाकण्याआधी रिकामा करत होते, त्यात धाकट्या काकांचा दाखला. काका इथंच वारलेले, त्यामुळे दाखला कर्नाटकाचा, कन्नड आणि इंग्रजीत. सहज आप्पांच्या दाखल्याशेजारी ठेवला. वर दोन्हीकडे नमुना 6. रकाने त्याच क्रमानं. आणि दोन्हीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, की हा दाखला जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 खाली दिलाय. कायदा केंद्राचा, एकच. राज्याचे नियम तेवढे आपापले.

दुसऱ्या दिवशी मालक येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. पोराशी बोललेच नाही. मालक आल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हा तुम्ही घ्याल का? काकांचा. घेऊ म्हणाले. मग हा का नाही? त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही वाचले, पोराकडे बघून कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "तगोळप्पा." घे रे बाबा. इतके दिवस ज्यासाठी मी रांगेत वितळत होते ते तेवढ्यात झालं. आनंद व्हायच्या ऐवजी राग जास्त आला.

अजून एक शेपूट होतं. आईच्या नावावर करायचं म्हणजे तिची केवायसी, आणि ऐंशीच्या घरातल्या बाईच्या अंगठ्याला रेषा कुठल्या उरायला? आयुष्यभर भांडी घासलेले हात. यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं. पोरगा (आता फार गोड झाला होता) पदरानं बोट पुसायला सांगत होता, मग ओलं करायला. शेवटी भाच्यानं मोबाईलवर कंपनीचं ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप घातलं, आईला उजेडात उभी केली, डोळे मिटून उघडायला सांगितले, झालं. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर अंगठ्याच्या नादाला लागूच नका, थेट चेहऱ्याचं विचारा. आणि वितरक फारच ताणायला लागला तर 1800-2333-555 हा गॅसच्या तक्रारींचा फुकट नंबर आहे. मला लावावा लागला नाही, पण बाकड्यावर बसले होते तेव्हा मोबाईलवर टाईप करून ठेवला होता.

आता विक्री. खरं तर ती इतकी सुरळीत झाली की सांगण्यासारखं थोडंच आहे.

आदल्या संध्याकाळी वळीव बदाबदा कोसळला, तेव्हा काढून ठेवलेलं सगळं ओढत सोप्यात घेतलं. मे महिन्यात मांडणार असाल तर ताडपत्री आधी आणा. रविवार यासाठी धरला की खासबागचा बाजार त्याच दिवशी असतो, येणारी-जाणारी माणसं आयती मिळतात. सकाळी ऊन चढायच्या आत मांडलं. दारात खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन ओळी, वर मराठीत 'जुनं घरसामान विकणे आहे', खाली कन्नडमध्ये 'हळे सामानु माराटक्किदे'. कन्नड अक्षरं भाच्यानं मोबाईलवर बघून काढली, त्याला लिहिता येत नाही. शेजारच्या पोरीनं येऊन एक काना दुरुस्त केला.

पहिल्यांदा काय संपलं तर चिनी मातीच्या बरण्या. लोणचं घालायचे दिवस, आणि बरणी टिचकी मारून बघितल्याशिवाय एकही बाई घेत नव्हती. खणकन वाजली की पैसे. बद्द वाजली की खाली. त्यामुळे टिचलेल्या आधीच बाजूला काढा, एक बद्द वाजली की बाकीच्यांवरही संशय येतो. शेवयांचं यंत्र खानापूरकडची एक बाई घेऊन गेली. शिवणयंत्राला फार माणसं, त्यातलं एक वडगावचं मागवाल्यांचं, म्हणजे विणकरांचं जोडपं, त्यांना दिलं. शिसवी पलंग आणि फडताळ गोव्यात होमस्टे काढणाऱ्या एकानं घेतलं. चोर्ला घाटातून टेम्पो आणवतो म्हणाला. त्याला आम्ही सांगितलेला भाव त्यानं न घासता दिला, तेव्हा दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भावाचा अंदाज आल्यावर गोव्याच्या माणसाला शेवटी भेटा, आधी नको.

नाव घातलेल्या भांड्यांचा मात्र प्रश्न आला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव, कुणाच्या तरी लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट'. घेणारे ते नाव वाचायचे आणि खाली ठेवायचे. दुसऱ्याच्या नावाच्या ताटात कोण जेवणार? ती सगळी मोडीत गेली. अपवाद एका पितळी तांब्याचा. तो आत्तीनं स्वतःच काखोटीला मारला आणि पैसेही दिले नाहीत. याच आत्ती, लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या. रविवारी सकाळी खुर्ची टाकून गल्ला त्यांनीच सांभाळला, आणि घासाघीस करणाऱ्याला त्यांच्यासारखं कुणी परतवलं नाही. "ठेवा की मग. संध्याकाळी येतो म्हणूलालासा न्हवं, या संध्याकाळी." संध्याकाळी काही उरलेलंच नसायचं हे त्यांना माहीत. सुट्टे पैसे त्यांनी आदल्या दिवशी किराणावाल्याकडून आणून ठेवले होते. स्कॅनर लावला तरी दहा-वीसच्या नोटा लागतातच, कारण भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे फोन नसतो.

शेगडी दोन चुलींची, चांगली. एकानं विचारलं, "सिलिंडरासकट किती?" अंगणातले सगळे माझ्याकडे बघून हसले. शेगडी तेवढी दिली.

भावंडांच्या सह्यांचं राहिलंच. दादा परत जायच्या आत हरकत नसल्याच्या पत्रावर त्याची सही घेतली होती म्हणून बरं, नाहीतर पुण्याहून कुरिअर. सगळे एकत्र जमतात तो आठवडा सह्यांचा समजा, आवरायला वेळ मिळाला नाही तरी चालेल.

किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी दोन्ही सिलिंडर रिक्षात घालून गेले. रेग्युलेटर, पुस्तक, सगळं दिलं. एका सिलिंडरात थोडा गॅस होता, तो आम्ही विक्रीच्या आठवड्यात चहा करकरून संपवला, त्यांना फुकट कशाला द्यायचा? व्हाउचर मिळालं, पैसे आईच्या खात्यात. पावतीवर त्या काळी जेवढी अनामत लिहिलेली असते तेवढीच परत मिळते. 2022 पासून नवीन कनेक्शनला एका सिलिंडरची अनामत 2200 आहे म्हणून तुम्हाला 2200 मिळणार असं मनात धरू नका. आमची रक्कम बघून दादा म्हणाला, रिक्षाचं भाडं वजा करून सांग. रेग्युलेटरची अनामत वेगळी असते, ती धरलीय का ते व्हाउचरवर तिथल्या तिथं बघून घ्या. आमच्यात राहिली होती, विचारल्यावर लिहिली.

आणि आप्पांचं सिमकार्ड. घरातलं माणूस गेलं की पहिल्या महिन्यातच कुणीतरी म्हणतं, आता रिचार्ज कशाला? करत राहा. गॅस, लाईट, बँक, सगळ्यांचे कोड त्याच नंबरवर येतात. आमचं कनेक्शन बंद झाल्याचा मेसेजसुद्धा आप्पांच्याच फोनवर आला.