रुसलेल्या कवीची जागा

लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तरासोबत हातावर टेकवलेलं गुलाबाचं फूल मी घरी आणून स्टीलच्या पेल्यात ठेवलं. आमच्याकडे फुलदाणी शोकेसमध्ये असते आणि फुलं देवाला जातात. तिसऱ्या दिवशी ओट्यावर दोन पाकळ्या गळून पडल्या होत्या. पुसायला फडकं उचललं आणि फुलं रंगवणारा चित्रकार आँरी फाँतँ-लातूर आठवला.

आडनावातलं लातूर आपलं नव्हे. हा गडी फ्रान्समधल्या ग्रनोबलचा, जन्म १८३६. बापही चित्रकार, पहिले धडे घरातच. पुढे पॅरिसला लूव्र संग्रहालयात जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करत बसायचा. तिथेच नकला करणारी व्हिक्टोरिया द्युबूर भेटली. तीही फुलंच रंगवायची. १८७६मध्ये दोघांनी लग्न केलं. उन्हाळा नॉर्मंडीतल्या ब्यूरे गावी, तिच्या माहेरकडून आलेल्या घरी. बागेतून फुलं खुडून आणायची आणि माना टाकायच्या आत रंगवायची. घाई असणारच, पण चित्रात ती दिसत नाही. मागे बहुतेक नुसती करडी-तपकिरी भिंत. पुढे गुलाब असे, की पाकळीची दुमडलेली कड बोटाने सरळ करावीशी वाटते.

गंमत म्हणजे ही फुलं विकली जायची इंग्लंडात. एडविन एडवर्ड्स नावाचा मित्र आणि त्याची बायको रूथ, दोघं तिकडे गिऱ्हाइकं बघायची. पॅरिसमध्ये फाँतँचं नाव होतं ते माणसांच्या घोळक्याच्या मोठ्या चित्रांसाठी. स्वतःचा जीव मात्र वाग्नरच्या संगीतावरून सुचलेल्या स्वप्नाळू चित्रांत. ती मला तरी धुरकट वाटतात. फुलांनी घर चालवलं, हे उघड आहे.

त्या घोळक्यांपैकी १८७२चं 'टेबलाचा कोपरा' माझं लाडकं. डावीकडे व्हर्लेन आणि पोरसवदा रँबो, सोबत आणखी कवी-लेखक मंडळी. अल्बेर मेरा हा कवीही त्यात बसायचा होता. पण त्या दोघांच्या पंगतीला बसायला तो तयार होईना. दुसरा एखादा चित्रकार हातापाया पडला असता. याने उजव्या कोपऱ्यात, मेराच्या जागी, फुलं रंगवून टाकली.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते चित्र आहे. मी ते पडद्यावरच पाहिलंय, आणि दरवेळी रँबोच्या आधी नजर उजवीकडे जाते. मेराची एकही कविता मी वाचलेली नाही.

ओट्यावरच्या पाकळ्या दुपारी कामाच्या मावशींनी झाडून नेल्या.