बीएमडब्ल्यू एम५ घेऊन १,२३१ किलोमीटर: अ‍ॅव्हरेज, टायर आणि घाटाचा हिशेब

गाडी पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? तीन वर्षं मी ‘सात-आठ’ असं मोघम उत्तर देत आलो. या चार दिवसांच्या प्रवासात मात्र दादा शेजारी होता आणि वही त्याच्या मांडीवर. प्रत्येक टाकी, प्रत्येक लिटर त्याने लिहून घेतला.

गाडी २०१८ची बीएमडब्ल्यू एम५, एफ९० (कंपनीचं सांकेतिक नाव) पिढीतली. ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे), ६०० अश्वशक्ती, ७५० न्यूटन-मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, आणि वजन जवळजवळ दोन टन. जुन्या युरोपीय चाचणीतला कंपनीचा आकडा १०० किलोमीटरला १०.५ लिटर, म्हणजे लिटरला साडेनऊ. टाकी ६८ लिटरची. प्रवास आखताना हा शेवटचा आकडाच सगळ्यात जास्त कामाला येतो.

मोजलं ते टाकी टू टाकी, म्हणजे एकदा भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत. नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं, काठोकाठ भरायचा मोह टाळायचा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी विसंबलो नाही, आणि ते बरंच झालं. पूर्ण प्रवासाचं अ‍ॅव्हरेज गाडीने ७.९ दाखवलं, वहीत निघालं ७.६.

पहिला दिवस सरळ हायवेचा. ४१८ किलोमीटर, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय) १०० वर, इंजिन काटकसरीच्या ‘एफिशियंट’ मोडमध्ये. पेट्रोल लागलं ४०.२ लिटर, म्हणजे लिटरला १०.४. सहाशे अश्वशक्तीच्या गाडीने दोन माणसं आणि सामान घेऊन इतकं द्यावं, याचा मला मनापासून आनंद झाला. आठव्या गिअरमध्ये इंजिन अगदी निवांत फिरत असतं आणि ६०० पैकी फार थोडी ताकद कामाला लागते.

परतताना तोच रस्ता, फक्त वेग १३० चा. पंपासाठी थोडं वळण घ्यावं लागलं, म्हणून ४३० किलोमीटर झाले. लागले ४७.३ लिटर, अ‍ॅव्हरेज ९.१. वेग तीस टक्क्यांनी वाढला की हवेचा विरोध जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. आम्ही पाऊण तास लवकर पोचलो आणि त्यासाठी साधारण सहा लिटर जास्त जाळले. मला हा सौदा पटला नाही. १३० ला शीण जास्त येतो, ब्रेक सारखे लावावे लागतात, आणि दर वेळी गमावलेला वेग परत मिळवायला पुन्हा पेट्रोल. पुढच्या वेळी ११० धरणार.

खरा हिशेब घाटात कळला.

दुसऱ्या दिवशीचे २५२ किलोमीटर बहुतेक चढ-उताराचे. पायथ्याशी डॅशबोर्ड सांगत होता की ४१० किलोमीटर जाईल इतकं पेट्रोल शिल्लक आहे. चाळीस किलोमीटर चढल्यावर तोच आकडा २१० वर आला. दादा घाबरला. ‘अरे, टाकी गळतेय का?’ टाकी काही गळत नव्हती. शिल्लक अंतराचा अंदाज गाडी नुकत्याच झालेल्या वापरावरून बांधते आणि तो वापर हायवेचा होता. म्हणून घाट चढण्याआधी टाकी फुल करा, डॅशबोर्ड काहीही सांगो. घाटात आमचं अ‍ॅव्हरेज ५.२ आलं, ४८.५ लिटर गेले. दहा लिटर राखीव धरले तर एका टाकीत घाटातले तीनशे किलोमीटर. त्यापलीकडे पंप असेल तर आधीच थांबा.

पहिला चढ मी सगळ्यात जोरकस ‘स्पोर्ट प्लस’ मोडमध्ये चढलो. ते सुख मला नाकारायचं नाही, गाडी घेतली ती त्याचसाठी. पण वळणावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण मुद्दाम वाढवलं जातं, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापू नयेत म्हणून. त्या पट्ट्यात स्क्रीनवर तीनच्याही खालचा आकडा दिसत होता. दुसरा चढ ‘एफिशियंट’मध्ये चढलो. वेळ फार वेगळा लागला नाही, कारण पुढे ट्रक होतेच.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नका. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) बंद होतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल घेतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर पडतो. मी गिअर हाताने खाली आणून उतरलो. दोन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर डिस्क आणि पॅडची झीज पेट्रोलच्या बचतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

तिसरा दिवस शहरात गेला. १३१ किलोमीटर, २६.२ लिटर, लिटरला नेमके पाच. सिग्नलवर थांबताच इंजिन बंद करणारं ऑटो स्टार्ट-स्टॉप अनेक जण बंद करून ठेवतात. एवढं मोठं इंजिन नुसतं उभं राहून तासाला दीड-दोन लिटर पितं, म्हणून मी ते चालूच ठेवतो.

पेट्रोल कोणतं, तर झाकणाच्या आत लिहिलेल्या ऑक्टेनचं. जास्त ऑक्टेनमध्ये ऊर्जा जास्त असते हा गैरसमज आहे. त्याने नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठोकठोक, टळतं, इतकंच. कमी ऑक्टेन घातलं तर इंजिन स्पार्क उशिरा देऊन स्वतःला सांभाळतं, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही उतरतात. घाटाआधी यात काटकसर नको.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. गेल्या तीन वर्षांच्या माझ्या वहीत चालवण्याच्या एकूण खर्चातले दहापैकी चार हिस्से पेट्रोलचे आहेत. बाकीचे सहा टायर, ब्रेक, सर्व्हिस आणि विम्याचे, आणि त्यात टायर सगळ्यात पुढे. ही गाडी घ्यायचा विचार असेल तर अ‍ॅव्हरेजआधी टायरचा भाव विचारा. पुढचे २७५ आणि मागचे २८५ रुंदीचे, त्यामुळे झीज सारखी करायला पुढचे मागे टाकता येत नाहीत. बीएमडब्ल्यूने मंजूर केलेल्या टायरवर चांदणीची खूण असते. तसे या मापाचे टायर दुकानात गेल्या गेल्या मिळतीलच असं नाही, आधी मागवून ठेवा. सर्व्हिसला इंजिन ऑइलही दहा लिटरच्या आसपास लागतं, साध्या चार सिलिंडरच्या दुप्पट.

निघताना थंड टायरमध्ये हवा तपासा, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे. सामान भरलं असेल तर तक्त्यातली भरल्या गाडीची ओळ बघा. माझ्या गाडीत स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट आहे. बाजूची भिंत फाटली तर किटचा उपयोग नाही, तेव्हा टोइंगची सोय असलेला विमा बरोबर हवा.

मागच्या टायरचा थर (खाचांची खोली) मी निघण्याआधी मोजला होता: ५.८ मिलिमीटर. परतल्यावर ५.२. नेहमीच्या वापरात हजार किलोमीटरला ०.३ झिजतो, या वेळी १,२३१ किलोमीटरमध्ये ०.६ गेला. कायद्याची मर्यादा अनेक देशांत १.६ आहे, पण ओल्या रस्त्याच्या भीतीने मी ३ ला बदलतो. म्हणजे साध्या चालीने सात हजार किलोमीटर उरले. अशा आणखी दोन सहली केल्या तर पावणेसहा हजार. पुढची सहल ठरली आहे, त्यामुळे मागचे दोन टायर मी कालच मागवले.