तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रीसमध्ये जुनी शिडाची बोट भाड्याने घ्यावी का?

ग्रीसची बेटं शिडाच्या बोटीने फिरायची ठरवलेली मंडळी मला हमखास विचारतात : पंधरा-वीस वर्षं जुनी बोट बरीच स्वस्त मिळतेय, घ्यावी का? माझं उत्तर ‘जरूर घ्या’ असंच असतं. मात्र बोटीचं वय विचारलंत की पाठोपाठ शिडांचं वय विचारा, आणि कुठल्या समुद्रात जाणार ते आधी ठरवा.

फायबरग्लासची बोट वीस वर्षांत थकत नाही. थकतात ती शिडं, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आणि इंजिनातले रबरी भाग. ऊन खाऊन खाऊन शीड सैल पडतं, मग बोट वाऱ्याच्या तोंडावर नीट चढत नाही, नुसती कलते. वारा पाठीमागून असेल तर हे लक्षातही येत नाही. म्हणून समुद्राची निवड महत्त्वाची. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात मेल्तेमी हा उत्तरेकडचा वारा सुटतो. जोर धरला की वाऱ्याचा जोर मोजायच्या शून्य ते बारा अशा बोफोर्ट मापावर सहा-सातपर्यंत जातो आणि दिवसचे दिवस हटत नाही. अथेन्सहून पारोस, नाक्सोसकडे उतरताना तो मदतीला येतो, परतताना तोच अंगावर. बोट ठरल्या दिवशी परत द्यायची असते, तेव्हा सैल शिडांनी ती वाट कापणं फार जड जातं. भर उन्हाळ्यात जुनी बोट घेणार असाल तर पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रात लेफ्काडा, मेगानिसी, इथाकी हा भाग घ्या. तिथे सकाळी वारा जवळजवळ नसतो, दुपारी वायव्येकडून माइस्त्रो येतो आणि बहुतेकदा संध्याकाळी पडतो. अथेन्सहूनच निघायचं असेल तर एजिना, पोरोस, हायड्राचा सारोनिक आखात बरा.

बोट बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारनंतर ताब्यात मिळते. त्या दिवशी निघायची घाई करू नका. इंजिन सुरू करून मागच्या बाजूने वाकून बघा : एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी भसाभसा बाहेर पडायला हवं. नसेल पडत, तर बहुधा पंपातला रबरी पंखा गेलाय. बोटीवर तो जादा आहे का, तेही विचारा. पुढचं शीड पूर्ण उलगडून कडेची शिवण तपासा. तारा जिथे खाली पोलादी टोकात शिरतात तिथे सुती कापडाचा बोळा फिरवा; एखादा तंतू तुटलेला असेल तर कापूस अडकतो. आधीचा प्रत्येक ओरखडा यादीत लिहून घ्या आणि फोटो काढा, कारण अनामत रक्कम त्यावरच अडते.

आणि नांगर! मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ग्रीसमध्ये तो नगण्य असतो. त्यामुळे तिथे बोट पार्श्वभागाने थेट धक्क्याला लावतात : पुढून नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे यायचं आणि मागचे दोन दोर बांधायचे. रात्रभर बोट धक्क्यापासून दूर राहते ती त्या नांगराच्या जिवावर. म्हणून साखळी ओढायचं यंत्र ताब्यात घेण्याआधी भार देऊन चालवून बघा आणि साखळी किती मीटर आहे ते विचारा. पन्नास तरी हवीच. हायड्राच्या चिंचोळ्या बंदरात तर सकाळी शेजाऱ्याची साखळी आपल्या नांगरावर आलेली असणं रोजचंच. ती हाताने उचलायची वेळ आली तर यंत्राची खरी किंमत कळते.

स्वतः चालवायची असेल तर कप्तानाकडे मान्य परवाना आणि सोबत अनुभवी दुसरा माणूस लागतो. घरात कुणी तसं नसेल, तर जुन्या बोटीत वाचलेले पैसे स्थानिक कप्तानासाठी ठेवा. त्याला एक केबिन द्यावी लागते आणि त्याचं जेवण आपल्याकडे असतं, हे बोट निवडतानाच धरून चाला. मुलं लहान असतील तर सप्टेंबर बघा : पाणी अजून उबदार असतं आणि धक्क्यांवर जागाही मिळते.