शंकेला इस्त्री

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. पण सोमवारची मीटिंग भरते मोबाईलवर, तीही इंग्रजीत. पलीकडे पुण्या-मुंबईचे सल्लागार. मे महिन्यात त्यांचा तक्ता येतो : कपाशीची लागवड 7 जूनपासून. मृग लागला की पाऊस पडतोच, असं एक्सेलला वाटतं.

पारावर कोणीही म्हणालं असतं, "घाई काहून करता भाऊ, पानी तं पडू द्या!" विषय संपला असता. इंग्रजीत मात्र शंकेला इस्त्री करून पाठवावं लागतं. "यू आर राँग" चालत नाही, "आय वॉज जस्ट वंडरिंग" चालतं. शंका आत्ताची, क्रियापद भूतकाळातलं! जणू काल मनात आली होती, आज गेलीही असेल. पुढे 'कुड', 'माइट', 'परहॅप्स'. 'यू' खोडून 'वी' : तक्ता त्यांचा, घोळ सगळ्यांचा. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' मी टाळतो. ते आलं की समोरचा बाह्या सरसावतो.

वऱ्हाडी माणूस फटकळ, असं म्हणतात. मला पटत नाही. आमच्या संचालक मंडळातले एक काका आजवर कोणाला तोंडावर नाही म्हणालेले नाहीत. बियाणंवाल्याचं सगळं ऐकतात, चहा पाजतात, सावकाश सुपारी कातरतात आणि मग, "तुमचं खरं हाय साहेब. पन मांगच्या साली नाल्याकाठच्या वावरात का झालं, पाह्यलं न तुमी?" बियाणंवाला आपणच पिशवी उचलतो.

मीही मेलमध्ये तेच करतो, सुपारी तेवढी नसते. फक्त आकडा मऊ करत नाही. "वुड इट बी सेफर टु वेट फॉर 75 टु 100 मिलिमीटर ऑफ रेन?" कृषी विद्यापीठही हेच सांगत असतं, कारण पहिल्या सरीवर बी टोबलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी ठरलेली. आकडा नसेल तर त्या सगळ्या 'परहॅप्स'मधून एकच अर्थ निघतो : हरकत नाही, करा.

यंदा उत्तर आलं, "ग्रेट पॉइंट! लेट्स टेक धिस ऑफलाइन."

काकांना वाचून दाखवलं. सुपारी गालात सरकवत ते म्हणाले, "ऑफलाइन म्हंजे? वावरात येऊन राह्यले का ते?"