एक इंजिन बंद पडले तर?

पार्ल्यातला वैमानिक म्हटला की लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या सभेत, एक प्रश्न ठरलेला असतो: दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन उड्डाण करतानाच बंद पडले, तर तुम्ही काय करता? उत्तराने बहुतेकांची निराशा होते, कारण सुरुवातीला विमान सरळ ठेवण्यापलीकडे आम्ही फारसे काही करत नाही.

मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने निघालो आहोत असे समजा. व्ही-वन नावाची वेगाची मर्यादा त्या दिवशीचे वजन, तापमान आणि धावपट्टी पाहून आधीच काढलेली असते. तिच्या आत इंजिन गेले तर थांबायचे, ती ओलांडली की उडायचेच, कारण मग उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते. नाक बंद इंजिनाकडे ओढले जाते, म्हणून चालू इंजिनाच्या बाजूचे रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, पेडल पायाने दाबून धरावे लागते, आणि सिम्युलेटरमध्ये त्या जोराने मांडी थरथरू लागते. विमान चढू लागले की चाके आत घ्यायची; मात्र साधारण ४०० फुटांपर्यंत, घंटा वाजोत की दिवे लागोत, बिघडलेले इंजिन रीतसर बंद करण्याच्या भानगडीत पडायचे नाही. चाके आत घेतलेले दोन इंजिनांचे प्रवासी जेट एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ चढलेच पाहिजे, असा नियमच आहे.

उंची मिळाल्यावरही घाई नको. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाच्या उजव्या इंजिनाने दगा दिला आणि कॅप्टनने डावे, धडधाकट इंजिन बंद केले. ४३ माणसे गेली. म्हणूनच एका वैमानिकाने इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवून बाजू मोठ्याने सांगायची आणि दुसऱ्याने स्वतः पाहून दुजोरा दिल्याशिवाय तो हलवायचा नाही.

खरी कसोटी माझ्या मते लहान, पंख्यांच्या प्रशिक्षण विमानात लागते. तिथे शक्ती निम्मी उरते, पण चढण्याची क्षमता जवळजवळ संपते. वेग वेगमापकावरील किमान वेगाच्या लाल रेषेखाली गेला तर रडर अपुरे पडून विमान उलटू लागते. तेव्हा चालू इंजिनाचीच शक्ती कमी करून नाक खाली करावे लागते, आणि समोर जमीन दिसत असताना हे शिकणाऱ्याच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण असते.